सरांची जन्मतारीख

परभणीच्या बसस्टँडसमोरचा चहावाला आमच्या सरांना 'कुलकर्णीसाहेब' म्हणायचा. दवाखान्याच्या कोपऱ्यावरचा 'जाधवमामा' म्हणायचा. स्टेशनपाशी एक म्हातारे चाचा होते, ते "आओ, इंजिनियरसाब" म्हणून बाकड्यावरची जागा फडक्यानं पुसून द्यायचे. सरांचं खरं आडनाव यातलं एकही नव्हतं आणि ते इंजिनियरही नव्हते. "चहा प्यायला नाव कशाला लागतंय?" असं त्यांचं म्हणणं. "आन् लागलंच, तर खोटं द्यावं. चहाची चव काही बदलत न्हाई."

तेव्हा मीही त्यांचं नाव इथं सांगणार नाही. सांगितलं तर हा माणूस माझ्याशी वर्षभर बोलायचा नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बी.एस्सी. होऊन पिंगळीत घरी बसले होते. वडील एसटीत कंडक्टर. स्थळं यायला लागली होती आणि पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा फिरवून मी बेजार झाले होते. अशात परभणीत एका खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर पाटी दिसली: 'सायबर सुरक्षा. तीन महिने. सर्टिफिकेट.' आणि खाली बारीक अक्षरात, 'फसणाऱ्यांनी जरूर यावे.'

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "तीन महिन्यांत भेंडी येती. नोकरी न्हाई येत."

पण आईनं जोर लावला, तेव्हा तडजोड झाली. कोर्स होईपर्यंत स्थळं बंद. कोर्स झाल्यावर नोकरी लागली तर ठीक, नाही तर पहिल्या चांगल्या स्थळाला मी मान डोलवायची.

पहिल्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, डोक्यावर कंपनीची असावी तशी टोपी. "क्लासला आलाव का? फुकट वायफाय हाय. नाव, मोबाईल नंबर सांगा आन् एक पासवर्ड ठेवा." फुकट म्हटल्यावर आम्ही रांग लावली. सगळ्यांचं झालं, तसे आम्ही वर जाऊन बसलो. खालून युरियाचा वास येत होता. सर कधी येतात म्हणून वाट बघत होतो, तर तोच टोपीवाला वर आला. टोपी काढून त्यानं टेबलावर ठेवली आणि फळ्यावर आमचे पासवर्ड लिहायला सुरुवात केली. कुणाचे कुठले ते लिहिलं नाही, नुसते पासवर्ड. निम्म्यांनी आपल्याच नावापुढं जन्मसाल लावलं होतं. एकानं एका मुलीचं नाव ठेवलं होतं. ते फळ्यावर उमटलं तसे चारठाण्याहून आलेल्या एका मुलाचे कान लालभडक झाले.

"पहिला धडा झाला," सर म्हणाले. "आता घरी जावा, आन् हेच पासवर्ड जिथं जिथं ठेवलेत तिथं तिथं बदला. चारठाणा, तुझा तर आजच बदल. तिच्या घरच्यांनी बघितला तर कोर्स अर्धवट राहील तुझा."

तेव्हापासून तो मुलगा सगळ्यांसाठी चारठाणा झाला. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी पिंगळी. माझ्या शेजारी बसणारी, टेलरिंगच्या दुकानावर राहणारी मुलगी स्टेशनरोड. राणीसावरगावचा एक जण होता, त्याला हाक मारता मारता सरांनाच दम लागायचा, म्हणून त्याचं नुसतं 'राणी' केलं. तो मिशीवाला गडी तीन महिने 'राणी' म्हटलं की निमूटपणे उभा राहायचा.

सर चाळिशी ओलांडलेले, सडपातळ, एकटे राहणारे. आधी हैदराबादला एका कंपनीत होते म्हणायचे. नोकरी का सोडली, याचं उत्तर दर वेळी नवं मिळायचं. एकदा सांगितलं, तिथली ज्वारी बरी नव्हती. एकदा म्हणाले, बॉसचा पासवर्ड मला पाठ झाला होता, मग त्याचा आदर वाटेना.

झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. आधार कार्डाच्या प्रतीवर ते चेहऱ्यावरून आडवं लिहायचे, 'फक्त सिमकार्डासाठी'. मशीनमधून एखादी प्रत काळी निघाली तर दुकानदाराला ती टाकू द्यायचे नाहीत. ती घेऊन बाहेर यायचे आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेळीपुढं धरायचे. शेळी शांतपणे नाव, पत्ता, फोटो सगळं चावून गिळायची. "कंपनीत यासाठी मशीन ठेवत्यात," ते आम्हाला सांगायचे. "आपल्याकडं चालतं-फिरतं हाय. वरून दूध बी देतंय."

लाइट गेली की दुसरे क्लास सुटायचे, आमचा रंगात यायचा. कॉम्प्युटर बंद पडले की सर खुर्ची पुढं ओढायचे. "आता खरं शिकू. मशीन कोण फोडत न्हाई रे. माणूस फोडत्यात. माणसाला तीनच भोकं: भीती, लालूच आन् घाई. तिन्ही बुजवली की झालं." मग कुणाला तरी उठवून त्याला बँकेचा मॅनेजर करायचे, स्वतः चोर व्हायचे, आणि खालच्या दुकानात बियाणं घ्यायला आलेले शेतकरी जिन्यात उभे राहून तो तमाशा बघायचे.

कोर्सची परीक्षा ऑनलाइन होती, इंग्रजीत होती, आणि आम्ही तिला घाबरून होतो. पण सर तिला काडीची किंमत देत नव्हते. "ती पोपट बी पास होतोय. माझं प्रॅक्टिकल पास झाल्याबिगर सर्टिफिकेटवर सही न्हाई."

"प्रॅक्टिकल काय सर?" स्टेशनरोडनं विचारलं.

"माझी जन्मतारीख काढा माझ्याकडून. चोरी करायची न्हाई, कागद बघायचे न्हाईत, मारहाण करायची न्हाई. माझ्या तोंडून काढायची."

आम्हाला हे सोपं वाटलं. कोणाची जन्मतारीख काढणं काय अवघड असतं?

चारठाण्यानं पहिला नंबर लावला. सरांना मेसेज पाठवला की तुमच्या गाडीवर दंड बसला आहे, खालच्या लिंकवर जन्मतारीख भरून खात्री करा. दुसऱ्या दिवशी त्या मेसेजचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता, लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून. खाली शेरा, 'चोरी करायची तर शुद्ध मराठीत करावी.'

स्टेशनरोडनं डोकं लावलं. केक आणला, वर सरांसाठी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहून घेतल्या, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा हिशेब असा, की सर म्हणतील 'अगं आज न्हाई, अमुक तारखेला असतो'. सरांनी केक कापला, तिला भरवला, सगळ्यांना वाटला, डोळे पुसायचं नाटकसुद्धा केलं. "लय आनंद झाला पोरांनो," म्हणाले. मग पुढच्या आठवड्यात राणीनं केक आणला, तोही तेवढ्याच आनंदानं कापला. त्यांना वाढदिवस कुठल्याही दिवशी चालत होता.

माझं तर विचारूच नका. मी आवाज बदलून विमा कंपनीतली बाई झाले आणि फोन केला. सर इतक्या गोडीनं बोलले, इतकी चौकशी केली, मुलंबाळं किती, गाव कुठलं, या कामात त्रास होतो का, की मी भारावून गेले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यांची जन्मतारीख मला कळली नव्हती, पण माझी मी त्यांना सांगून बसले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर फळ्यावर फक्त तेवढंच लिहिलेलं होतं. माझी जन्मतारीख, अगदी वळणदार आकड्यांत.

असं हसण्याखिदळण्यात चाललं होतं, आणि कोर्स संपत आला होता. घरात आई पोह्यांचा डबा भरून ठेवायला लागली होती.

तेव्हाच ते मोठ्या काकांचं प्रकरण झालं. माझे मोठे काका शाळेत क्लार्क होते, निवृत्त झालेले. स्वभावानं इतके भिडस्त की बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर हेच माफी मागायचे. त्या दिवशी दुपारी काकू पळत आमच्याकडे आली. "तुझे काका सकाळपासून खोलीत कोंडून बसल्यात. मोबाईलवर कुणी पोलीस बोलायलाय. दार उघडंनात. जेवले बी न्हाईत."

मी त्यांच्या घरी धावले आणि दाराला कान लावला. आतून दरडावण्याचा आवाज येत होता, हिंदीत. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला मोबाईलवरच अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हललात तर गाडी येईल. आणि मध्येच काकांचा बारीक आवाज, "जी साहेब. जी साहेब."

हे सगळं मी शिकले होते, पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. पण आत माझे काका होते. मी सरांना फोन केला.

ते मोटारसायकलवर आले. मला वाटलं होतं, येऊन फोन हिसकावून घेतील. त्यांनी आधी काकूकडून उपरणं मागून घेतलं आणि डोक्याला गुंडाळलं. मला म्हणाले, "तू सायबर हेल्पलाइनला फोन लाव, मंग काकांच्या बँकेला. खातं थांबवायला सांग. हितं उभी राहून रडू नको." आणि दार वाजवून, काकांना मोठ्यानं हाक मारली, "भाऊऽ, मी आलोय, धाकटा! उघड की, औषध आणलंय तुझं!"

औषध म्हटल्यावर काकांनी दार उघडलं. सर आत शिरले आणि काकांच्या शेजारी, बरोबर कॅमेऱ्यासमोर, मांडी घालून बसले.

"ये कौन है?" पडद्यावरचा वर्दीवाला ओरडला.

"साब, मैं इनका छोटा भाई," सर हात जोडून म्हणाले. "आप मिले, लय अच्छा हुआ. हमारे खेत की बिजली की डीपी जली है साब. दो महिने से अर्जी देरा, कोई सुनताच नहीं. आप तो बड़े साब हैं, जरा फोन लगाव ना."

"चुप! आपका भाई अरेस्ट में है!"

"तो मेरेकु भी अरेस्ट कर लेव ना साब," सर गयावया करत म्हणाले. "घर में बीवी की लय तकलीफ है. जेल में खाना मिलता ना? भात मिलता क्या रोटी?"

मी बाहेर बँकेच्या माणसाशी बोलत होते आणि दाराच्या फटीतून हे ऐकू येत होतं. तो वर्दीवाला कायद्याची कलमं सांगायला लागला की सर त्याला बांधावरचं भांडण सांगायचे. तो ओरडला की सर कानाला हात लावून "आं?" करायचे. शेवटी त्यांनी त्याची वर्दी निरखली आणि कळवळून विचारलं, "साब, आपके खांदे का एक तारा पडनेको आया. फेविकॉल से चिपकाया क्या?"

फोन तिकडूनच बंद झाला. चोरानंच आम्हाला सोडून दिलं होतं.

पैसे वाचले. काका मोबाईलवरूनच मुदत ठेव मोडायला निघाले होते, बँकेनं ती धरून ठेवली. पण काका भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. एवढा शिकलेला माणूस मी, असं कसं झालं माझ्याकडून, एवढंच पुटपुटत होते. सरांनी डोक्याचं उपरणं सोडलं आणि ते काकांच्या जवळ सरकले.

"काका, मी बी फसलोय," ते हळूच म्हणाले. "हैदराबादला. सायबर सुरक्षेच्या कंपनीत नोकरीला असताना. असाच फोन आला. दिवसभर बाथरूममध्ये कोंडून घेतलं होतं मी. भूक लागली म्हणून टूथपेस्ट चाटली."

काकांनी मान वळवली. "टूथपेस्ट?"

"लवंगेची. तिखट लागती."

काकांच्या तोंडून हसू फुटलं, रडता रडता. मग त्यांनी पाणी मागितलं, मग भाकरी.

सरांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. "सर, खरंच तुम्ही फसला होता?"

"न्हाई गं," गाडीला किक मारत ते म्हणाले. "पण त्यांना आज झोप लागाया पायजे का न्हाई?"

त्यानंतर आईनं सरांना जेवायला बोलावलंच. धपाटे, दही, येसराची आमटी. सर आले, दारात चप्पल काढली. आई हात जोडून म्हणाली, "शरणार्थ, सर."

"शरणार्थ," सर बोलून गेले आणि चमकले.

आमच्या लिंगायतांत असा नमस्कार करतात. सरांच्या गळ्यातला इष्टलिंगाचा दोरा सदऱ्याच्या कॉलरमधून दिसला, म्हणून आईनं अंदाजानं खडा टाकला होता. मी चुलीशी धपाटे थापत होते, माझा हात थांबला. सगळ्या चहावाल्यांना गुंडाळणारा माणूस आमच्या उंबऱ्यात अर्धा उघडा पडला होता.

आई वाढत गेली, बोलत गेली. गाव कुठलं, घरी कोण. सर सफाईनं वाट काढत होते, कुठं हसून, कुठं 'आमटी लय भारी झालीया अक्का' म्हणून. मग आईनं पदर सावरला.

"रागावू नका सर, पण एक इचारते. माझ्या मावसबहिणीची नणंद हाय, जिंतूरला नर्स हाय सरकारी दवाखान्यात. लय गुणाची. आईबापाचं दुखणंखुपणं काढता काढता लग्न राहून गेलं तिचं. चाळीसला आली. तिला बी कुणी एकटं पडलेलं, शहाणं माणूस पायजे." ती थांबली. "तुमचं पत्रिकेचं टिपण द्या मला. जुळतंय का बघू तरी."

सरांच्या हातातला घास तसाच राहिला. ते ताटाकडे बघत होते. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. भीती नाही, लालूच नाही, घाईही नाही. हे कुठलं चौथंच भोक होतं आणि ते बुजवायचं त्यांना कधी सुचलंच नसावं.

"टिपण म्हणजे... कागद न्हाई माझ्याकडं," ते खाली बघून म्हणाले.

"मंग तोंडानं सांगा. मी लक्षात ठिवते."

आणि सरांनी सांगितलं. तारीख, महिना, साल. वार सोमवार. वेळ पहाटेची, मिनिटासकट. जन्मगाव. पाळण्यातल्या नावाचं अक्षरसुद्धा.

मी पिठाच्या हातांनी उभी राहिले. "सर! प्रॅक्टिकल!"

सरांनी मान वर केली. आधी त्यांना काही कळलंच नाही. मग कळलं. चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू तांबडा होत गेला, चारठाण्याचे कान झाले होते तसा. "फसवलंस," ते म्हणाले. "मायलेकींनी मिळून फसवलं मला."

"कुणी फसवलं?" आई माझ्यावरच उखडली. "माणूस जेवायलाय आन् हिला परीक्षा सुचायलीय! आवो सर, मला काय बी ठाऊक न्हाई हिचं प्रॅक्टिकल. मी मनापासून बोलले."

सर आमटीत बोट फिरवत राहिले. मग अगदी बारीक आवाजात, मोठ्या काकांनी 'जी साहेब' म्हटलं होतं तितक्या बारीक, त्यांनी विचारलं, "अक्का, म्हणजे... ती जिंतूरची बाई खरी हाय ना?"

ती तारीख अजून माझ्या लक्षात आहे, पण इथं सांगणार नाही. मला तसं शिकवलेलं नाही.

सर्टिफिकेटवर सही झाली. बाकीच्यांचं काय, तर सरांनी प्रश्न बदलला: 'माझं लग्न कुणाशी ठरायलंय ते शोधा.' ते स्टेशनरोडनं दोनच दिवसांत शोधलं, कारण जिंतूरच्या बाई स्वतःच क्लास बघायला आल्या आणि जिन्यात तिच्याशीच बोलत उभ्या राहिल्या. त्या बाईंनी पहिल्या भेटीत सरांना एकच अट घातली म्हणे, की घरी तरी खरं नाव चालेल. लग्न नोंदणी कार्यालयात झालं. फॉर्मवर जन्मतारीख लिहिताना सरांनी हातानं आडोसा केला होता, असं आई शपथेवर सांगते.

माझी मुलाखत पुण्याच्या एका कंपनीची होती, ऑनलाइन. मी काकांच्या त्याच खोलीत बसले, तिथं नेटवर्क चांगलं यायचं. समोर तिघं. एक जण माझं सर्टिफिकेट बघून म्हणाला, "एवढंच? छोटासा कोर्स?" मला वडिलांची भेंडी आठवली. मग एका बाईंनी विचारलं, "समजा आमच्या ऑफिसातला माणूस घाबरून चोराच्या सांगण्याप्रमाणे वागतोय. तुम्ही पहिलं काय कराल?"

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. मी म्हणाले, "खातं थांबवायला एकाला सांगेन. आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसेन. त्याला एकटं ठेवणार नाही." का, असं विचारलं तेव्हा मी त्यांना काकांचं सांगितलं. डीपी, जेलमधला भात, खांद्यावरचा तारा, सगळं. तिघं इतकी हसली की एकाला कॅमेरा बंद करावा लागला. पण त्या बाई हसून झाल्यावर विचारत राहिल्या, नंतर काका कसे आहेत, झोप लागते का त्यांना.

चार दिवसांनी निरोप आला. कंपनीच्या कॉम्प्युटरांमध्ये कोण चोरून शिरतंय यावर नजर ठेवायची, शिकाऊ म्हणून. वडिलांनी निरोप मोबाईलवर दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि पिशवी उचलून ड्युटीवर गेले. त्या दिवशी त्यांच्या बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पोरीची नोकरी कळली, हे मला नंतर गावातूनच समजलं.

मी मागच्या अंगणात गेले आणि सरांना फोन लावला. "सर, मी पिंगळी. सर, मला..." हुंदकाच आला.

"कोण?" सर तुटकपणे म्हणाले.

"पिंगळी, सर. नोकरी..."

"पिंगळी म्हणून कुणी बी बोलंल. आन् रडून बोलत्यात ते तर हमखास. ठेव फोन."

फोन कट. मी हातातल्या मोबाईलकडे बघत उभी. इतका राग आला मला, इतका की रडणंच थांबलं. आणि तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर सरांचा नंबर. उचलला तर पाठीमागून जिंतूरच्या बाईंचं हसणं ऐकू येत होतं आणि त्या म्हणत होत्या, "आवो, बोला की नीट पोरीशी!"

"हां," सर म्हणाले. त्यांचाच आवाज ओला झाला होता. "आता मी लावलाय फोन, माझ्याकडच्या नंबरवर. म्हणजे तूच हायस. आता रड पोटभर."